नाव बदलतं, वटवाघूळ तेच : पर्णनासिक वटवाघळांच्या प्रजातीची गोष्ट

मागच्या खेपेला आपण 'नाव आणि वस्तू यांचं नातं काय' हा प्रश्न अर्धवट सोडला होता. आज तो प्रश्न एका वटवाघळाच्या नाकावरून पुढे नेऊ. हसू नका. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांपेक्षा या प्राण्याने आम्हाला नावाबद्दल जास्त शिकवलं आहे.

आधी एक कबुली. आम्ही अकोल्यात अधिव्याख्याता म्हणून लागलो, तेव्हा जुन्या शहरात एका वाड्याच्या माडीवर भाड्याने राहत होतो. आढ्याला पाकोळ्या लटकत. आम्ही कुठेतरी वाचलं होतं की 'पानासारखं नाक असलेली वटवाघळं रक्त पितात'. झालं! कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला. घरमालकीणबाई खालून ओरडल्या, "सर, कायले हाकलून राह्यले त्यायले? डास खातेत ते!" आम्ही ऐकलं नाही. सकाळी अंगणात दोन पाकोळ्या मरून पडल्या होत्या. नाकावर पानासारखी नाजूक घडी. पुस्तकातल्यासारखीच.

आमची चूक कुठे झाली? 'पर्णनासिक' या एका शब्दात आम्ही दोन वेगळी कुळं कोंबली. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत आणि त्या तिन्ही अमेरिका खंडात राहतात. त्यांचं कुल फायलोस्टोमिडी. आपल्याकडची पर्णनासिक वटवाघळं हिप्पोसिडेरिडी या कुलातली. ती कीटक खातात. नाकावरचं पान दोन्हीकडे आहे, पण ते स्वतंत्रपणे घडलेलं आहे. या शतकाच्या सुरुवातीपासून जनुकांच्या अभ्यासाने तर आणखी चकित केलं. आपलं पर्णनासिक वटवाघूळ अमेरिकेतल्या पर्णनासिकापेक्षा वडा-पिंपळावर लटकणाऱ्या फळखाऊ वटवाघळाला जवळचं आहे! न्यायदर्शनाने शब्दाच्या अर्थात व्यक्ती, आकृती आणि जाती असे तीन घटक मानले. आम्ही आकृती पाहिली आणि जाती ठरवून मोकळे झालो.

आता मूळ विषयाकडे येऊ. एक खुलासा आधी करतो. वर्तमानपत्रं हल्ली 'प्रजाती' हा शब्द कशालाही लावतात. आपण जुनी शिस्त पाळू. एकमेकांच्या जवळच्या अनेक 'जाती' मिळून एक 'प्रजाती', आणि अनेक प्रजाती मिळून एक 'कुल'.

आपली प्रजाती आहे हिप्पोसिडेरॉस. ग्रीक भाषेत हिप्पोस म्हणजे घोडा, सिडेरॉस म्हणजे लोखंड. घोड्याचं लोखंड, म्हणजे नाल. नाकपुड्यांभोवती नालेच्या आकाराची कातडी असते, म्हणून हे नाव. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले जॉन एडवर्ड ग्रे यांनी 1831 साली हे बारसं केलं. पण नालेसारखं नाक ऱ्हायनोलोफस या शेजारच्या प्रजातीलाही असतं. मग फरक कसा ओळखायचा? ऱ्हायनोलोफसच्या नालेवर भाल्यासारखं टोकदार पान उभं असतं, हिप्पोसिडेरॉसला तसं नसतं. दुसरी खूण पायात आहे. हिप्पोसिडेरॉसच्या पायाच्या प्रत्येक बोटात दोनच हाडं. ऱ्हायनोलोफसच्या अंगठ्यात दोन, पण बाकीच्या बोटांत तीन. केवढीशी खूण, पण तिच्यावर कुलं वेगळी होतात.

प्रजातीच्या आत जाती ओळखायच्या, तर नालेच्या बाजूला किती जोडपाकळ्या आहेत ते मोजतात. फुल्वस या जातीला एकही नाही, स्पिओरिसला तीन, लंकादिवाला चार. शिवाय आवाज. ही वटवाघळं नाकातून हाळी देतात आणि तिच्या प्रतिध्वनीवर किडे पकडतात. आपल्याला वीस किलोहर्ट्झपलीकडे ऐकू येत नाही. स्पिओरिसची हाळी 130 च्या आसपास, फुल्वसची 150 च्या आसपास. मलेशियात एकच समजली जाणारी जात दोन वेगवेगळ्या पट्ट्यांत हाळी देते असं आढळलं. पुढे 2018 मध्ये तिथल्या एका जातीला हिप्पोसिडेरॉस कुंझी असं नवं नाव मिळालं. डोळ्यांना एक दिसलेलं कानांनी दोन करून दाखवलं.

आता आपल्या दख्खनची गोष्ट. ग्रे यांनी प्रजातीला नाव दिलं त्याच 1831 साली विल्यम हेन्री साइक्स या मुंबई सरकारच्या सांख्यिकी अधिकाऱ्याने दख्खनमधल्या एका वटवाघळाला 'दुखुनेन्सिस' म्हणजे 'दख्खनचं' असं नाव दिलं. आज ते नाव चालत नाही. कारण हेच वटवाघूळ तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या नमुन्यावरून श्नायडर यांनी 1800 सालीच 'स्पिओरिस' म्हणून नोंदवलं होतं. नियम असा, की आधीचं नाव टिकतं. आपल्याला वाईट वाटतं, आपल्या मुलखाचं नाव गेलं! पण नियम ना माणूस पाहतो, ना प्रांत. खुद्द ग्रे यांनी 1838 मध्ये याच जातीला आणखी दोन नावं दिली होती, तीही बाद झाली. त्याच वर्षी धारवाडच्या नमुन्यावरून त्यांनी दिलेलं 'फुल्वस' मात्र टिकलं.

कुणी विचारेल, नाव चुकीचं असेल तर? 1850 मध्ये केलार्ट यांनी 'लंकादिवा' हे नाव श्रीलंकेवरून दिलं. ती जात भारतातही राहते. तरी नाव बदलत नाही. अहो, काळे आडनावाचा माणूस गोरा निघाला म्हणून आपण आडनाव बदलतो का? सॉल क्रिप्के या तत्त्वज्ञाने 1970 च्या व्याख्यानांत हेच मांडलं. नाव म्हणजे वर्णन नव्हे, ती बारशापासून चालत आलेली साखळी असते. प्राणिशास्त्रात ही साखळी एका खुंटीला बांधतात. प्रत्येक जातीचा एक नमुना ठरलेला असतो, आणि प्रत्येक प्रजातीची एक जात. हिप्पोसिडेरॉसची खुंटी आहे स्पिओरिस. म्हणून 2017 मध्ये आफ्रिका-मादागास्करकडच्या काही मोठ्या जाती वेगळ्या काढून मॅक्रोनिक्टेरिस प्रजातीत गेल्या, तेव्हा 'हिप्पोसिडेरॉस' हे नाव कुणाकडे राहणार याचा वाद झाला नाही. जिथे स्पिओरिस, तिथे ते नाव. उद्या आणखी वाटण्या झाल्या तरी नाव आपल्याच द्वीपकल्पातल्या या छोट्या प्राण्यापाशी राहील. साइक्सचं 'दख्खन' गेलं खरं, पण ज्याला त्याने ते नाव दिलं तोच प्राणी साऱ्या प्रजातीचं नाव धरून बसला आहे.

हा काथ्याकूट कशासाठी, असं वाटेल. कारण कायदाही नावानेच चालतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. त्याच कायद्याने ज्या दोन वटवाघळांना पुढे सर्वोच्च संरक्षण दिलं, ती जातीच्या नावाने वेगळी ओळखली गेली म्हणूनच. कोलारजवळ सापडणारी हिप्पोसिडेरॉस हायपोफायलस ही जात 1994 मध्ये वेगळी नोंदवली गेली. आज ती हनुमनहळ्ळीच्या एका गुहेपुरती उरली आहे, आणि तिथे ग्रॅनाइटच्या खाणींचा धोका आहे. नाव मिळालं नसतं, तर 'वटवाघळं काय, कुठेही असतात' असं म्हणून तो डोंगर फोडायला कुणाची हरकत राहिली असती?

तेव्हा गाविलगडावर किंवा नरनाळ्यावर जाल, अंधाऱ्या दालनात फडफड ऐकाल, तर टेंभे आणि फटाके नकोत. हळूच मागे फिरा. आणि कुणी 'रक्तपिपासू' म्हणालं, तर आमच्या घरमालकीणबाईंचं वाक्य सांगा. त्यांना लॅटिन येत नव्हतं, पण आढ्याला कोण लटकतंय ते त्यांना ठाऊक होतं. आम्ही मात्र पुस्तकातलं नाव घेऊन धूर करत बसलो. ते दोन जीव अजून आठवतात.

पुढच्या वेळी 'जाती खऱ्या असतात की आपण ठरवतो' हा प्रश्न घेऊ. प्रश्न जरूर पाठवा.