साखळी-करवत नीट कां चालत नाहीं?

ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां आंबा, नारळ, पोफळी यांचीं असंख्य झाडें उन्मळून पडलीं व रस्ते बंद झाले. अशा वेळीं कुऱ्हाडीनें एक एक खोड तोडीत बसणें परवडत नाहीं. आजाऱ्याला दवाखान्यांत न्यावयाचें, तर वाट तात्काळ मोकळी झाली पाहिजे. हें काम पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, जिला बाजारांत चेनसॉ म्हणतात, ती करते. परंतु महिनोन् महिने कोपऱ्यांत पडून राहिलेली करवत नेमकी गरजेच्या वेळीं अडखळते, धाप टाकते, किंवा लाकडाला लावतांच बंद पडते. मग घाबरलेला मनुष्य कार्बुरेटरचे स्क्रू मनास येईल तसे पिळूं लागतो. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, त्यांतलाच हा प्रकार!

दोष शोधण्याचा एक क्रम आम्ही येथें सांगणार आहों. त्याचें सूत्र सोपें आहे: जी तपासणी कमी श्रमाची व कमी खर्चाची, ती आधीं करावी, कार्बुरेटरला हात सर्वांच्या शेवटीं लावावा. तपासणीपूर्वीं इंजिन बंद करून निवूं द्यावें, प्लगवरील टोपी काढावी व हातांत जाड मोजे घालावे. हें काम वडील माणसांचें आहे. विद्यार्थ्यांनीं शेजारीं उभें राहून पाहावें व कारणें समजून घ्यावीं.

पहिला प्रश्न असा कीं, दोष इंजिनाचा आहे कीं साखळीचा? याचें उत्तर भुसाच देतो. धारदार साखळी लाकडाच्या जाडसर कपच्या काढते. बोथट साखळी पिठासारखी भुकटी पाडते. अमेरिकेच्या ऑरेगन प्रांतांतील जोसेफ कॉक्स नांवाच्या लाकूडतोड्यानें १९४६ सालीं लाकूड पोखरणारी एक अळी न्याहाळून पाहिली. तिचे जबडे डावी-उजवीकडे चालून लाकूड सहज कुरतडीत होते. त्यावरून त्यानें साखळीला वांकडे दांत बसविण्याची युक्ति काढली. ह्या दांतांची धार गेली म्हणजे मनुष्य करवत लाकडावर दाबूं लागतो, इंजिन गुदमरतें, आणि बोल मात्र इंजिनाला लागतो! अशा वेळीं गोल कानशीनें दांत घासावे. साखळीला तेल पोंचतें कीं नाहीं, हेंहि पाहावें. चालू करवतीचें टोंक कागदाजवळ धरलें असतां त्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

साखळी निर्दोष असेल, तर इंजिनाकडे वळावें. त्याला स्वच्छ हवा, ताजें इंधन व वेळेवर ठिणगी ह्या तीन गोष्टी लागतात. शिवाय धूर बाहेर जाण्यास मोकळी वाट हवी.

आधीं इंधन. ह्या इंजिनासाठीं वंगणाची निराळी टाकी नसते. पेट्रोलांतच तेल मिसळावें लागतें. पुष्कळ करवतींस हें प्रमाण ५० भागांस १, म्हणजे एक लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर तेल, असें असतें. तरी यंत्राच्या पुस्तिकेंत लिहिलें असेल तेंच प्रमाण धरावें. महिन्याहून जुनें मिश्रण वापरूं नये. आपल्या देशांत २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकलें जाऊं लागलें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि कोंकणच्या दमट हवेंत ओलाव्याला काय तोटा! इंधन ताजें असूनहि करवत कांहीं वेळ चालून थांबत असेल, तर टाकीचें झांकण किंचित् सैल करून पाहावें. तेवढ्यानें ती नीट चालूं लागली, तर टाकींत हवा जाण्याचें छिद्र बुजलें आहे असें समजावें. टाकींतील नळीच्या टोंकाची गाळणी तारेच्या आंकड्यानें बाहेर काढून पाहावी, व ती मळली असल्यास बदलावी.

नंतर हवा. हवेची गाळणी भुशानें बुजली म्हणजे इंधन अधिक व हवा कमी होते, आणि करवत काळा धूर सोडूं लागते. पुष्कळ गाळण्या कोमट साबणपाण्यानें धुवून पूर्ण वाळविल्या म्हणजे पुन्हां उपयोगी पडतात.

ठिणगीचा वृत्तान्त प्लगच्या रंगावरून कळतो. फिकट तपकिरी रंग आरोग्याचा. काळा व ओला रंग इंधन जास्त झाल्याचा. पांढुरका रंग इंधन कमी पडून इंजिन तापल्याचा. प्लगच्या टोंकांमधील अंतर बहुधा अर्धा मिलिमीटर असतें. शेवटीं सायलेन्सरची जाळी काजळीनें भरली असल्यास ती तारेच्या ब्रशानें साफ करावी.

इतकें झाल्यावरच कार्बुरेटर. येथें एक मोठा धोका आहे. वेगाचा स्क्रू आवळला म्हणजे इंधन कमी होतें, करवत पूर्वींपेक्षां जोरानें ओरडूं लागते, आणि मालकास वाटतें, दोष गेला! पण तेल इंधनांतूनच येतें, म्हणून इंधन घटलें कीं वंगणहि घटतें. मिनिटास बारा हजारांच्या आसपास फेरे घेणाऱ्या इंजिनांतील पिस्टन मग कोरडा घासून सिलिंडरांत अडकून बसतो, आणि दहा मिनिटांच्या उतावळेपणानें सगळें इंजिन फुकट जातें. म्हणून पुस्तिकेंत दिलेल्या मूळ जागेवर स्क्रू आणावे व तेथून थोडथोडे फिरवावे. मोकळ्या चालींत साखळी आपोआप फिरत असेल, तर तो वेग कमी करावा. तरीहि ती फिरली, तर क्लच दुरुस्त होईपर्यंत करवत हातीं धरूं नये. कार्बुरेटरांतील रबरी पडदा कडक झाला असेल किंवा सिलिंडरचा दाब गेला असेल, तर मिस्त्रीकडे जावें.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा. दोन बदलल्या, तर दोष कोठें होता हें कधींच कळणार नाहीं. आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवून मगच करवत ठेवून द्यावी. एवढी काळजी घेतली, तर पुढच्या वादळाच्या रात्रीं ती पहिल्या चार ओढींत सुरू होण्याचा पुष्कळ संभव आहे.