फुगवून केलेला डोळा

माशीवर मागून हात नेला, तरी ती निसटतेच. तिचा प्रत्येक डोळा हजारो सूक्ष्म नेत्रिकांचा; प्रत्येकीचं भिंग वेगळं, रोख वेगळा. मान न वळवता तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये असा कॅमेरा बनवला. खरी गोम होती गोलाईची. सिलिकॉनचे प्रकाशसंवेदक सपाट चकतीवर घडतात, वाकवले की तडकतात. म्हणून त्यांनी संवेदक सुटे ठेवून नागमोडी, ताणल्या जाणाऱ्या तारांनी जोडले, वर रबरासारख्या पदार्थाची भिंगांची चादर चिकटवली आणि हे सगळं पुरीसारखं टम्म फुगवलं. झाला अर्धगोल! मला विचाराल तर कॅमेऱ्यापेक्षा ही युक्तीच जास्त झकास.

नजरेचा आवाका १६० अंश. जवळचं-लांबचं एकाच वेळी स्पष्ट. पण नेत्रिका अवघ्या १८०, त्यामुळे चित्र अगदीच भरड. फोटोसाठी हा डोळा कुचकामी. चिमुकल्या ड्रोनला मात्र भिंत जवळ येतेय एवढं कळलं तरी पुष्कळ. त्याच वर्षी युरोपात फळमाशीच्या धर्तीवर केलेल्या ‘कर्व्हएस’ या डोळ्यात ६३० नेत्रिका होत्या, वजन दोन ग्रॅमहून कमी.