किती वाजता येशील?

“आई, किती वाजता येशील?” लेकीने विचारलं तेव्हा मी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत होते. तिच्या कडेवर चार महिन्यांचा नातू. मी अगदी रुबाबात सांगितलं, “पाचच्या ठोक्याला चहा टाक!”

पाच वाजता मी समुद्राच्या मध्यावर होते. आणि किनारा काही केल्या जवळ येत नव्हता.

झालं असं, की लेकीच्या बाळंतपणासाठी मी न्यूझीलंडला, ऑकलंडला गेले होते. डिंकाचे लाडू, शेकशेगडी, बाळाची अंघोळ... चार महिने कसे गेले कळलंच नाही. मग एक दिवस लेकच म्हणाली, “आई, तू इथे आल्यापासून घराबाहेर पडली नाहीस. शनिवारी मी बाळाला बघते, तू कयाक शिकायला जा.” वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी? पोहायला येत होतं एवढंच काय ते भांडवल. पण गेले.

कयाक म्हणजे एक माणूस पाय लांब करून बसेल अशी अरुंद होडी. समुद्रातली कयाक साधारण सोळा-सतरा फूट लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद. वल्हं एकच, पण दोन्ही टोकांना पातं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पहिल्या दिवशी माझे दंड भरून आले, तेव्हा आमची शिकवणारी बाई हसली. साठीची असेल ती. म्हणाली, “हाताने नको ओढूस. पाय आत टेकव आणि कमरेतून वळ.” हे जमलं आणि होडी खरंच पळायला लागली!

सहा शनिवार झाल्यावर आमची सहा जणांची रँगिटोटोची सफर ठरली. रँगिटोटो हे ऑकलंडसमोरचं ज्वालामुखीचं बेट. सेंट हेलियर्सच्या किनाऱ्यावरून समोर दिसतं. आमच्या वाटेचं अंतर साधारण सहा किलोमीटर. आदल्या रात्री मी हिशेब मांडला. स्पर्धेतल्या बायका तासाला पंधरा किलोमीटर जातात असं वाचलं होतं. आपण त्यांच्या निम्म्यानेही नको, सहाने तरी जाऊ. म्हणजे जायला एक तास, यायला एक तास. झाला हिशेब! बाईने सफरीचा कागद लिहून ठेवला होता, त्यावर परतीची वेळ साडेसहा होती. तो कागद मी वाचलाच नाही.

जाताना तर मी चक्क पंचावन्न मिनिटांत पोचले. मला आकाश ठेंगणं झालं. बेटाच्या माथ्यावर चढलो, डबे खाल्ले आणि पावणेचारला परत निघालो.

आणि मग वारा समोर आला. खरं तर वारा तोच होता, नैर्ऋत्येचा. सकाळी तो पाठीशी होता, एवढाच फरक. त्यातून ओहोटीचं पाणीही बाहेर, म्हणजे आमच्या उलट वाहत होतं. मी दहा वेळा वल्हं मारायची, जरा दम घ्यायला थांबायची, आणि तेवढ्यात होडी मागे सरकलेली असायची. बाकीचे चार जण पुढे गेले. एप्रिलचे शेवटचे दिवस. तिकडे तेव्हा साडेपाचला सूर्य मावळतो. मला रडू येत होतं. दमल्याचं नाही, लाजेचं. सगळ्यांत मागे मी!

बाईने शिट्टी मारून पुढच्यांना थांबवलं. मग मला सगळ्यांच्या पुढे नेलं आणि म्हणाली, “आता तू पुढे चाल. आज आपल्या सगळ्यांचा वेग तोच, जो तुझा आहे.”

सहा वाजून पाच मिनिटांनी आम्ही किनाऱ्याला लागलो. सहा किलोमीटरला दोन तास वीस मिनिटं! म्हणजे ताशी अडीच किलोमीटरच्या थोडं वर. यापेक्षा मी भाजीची पिशवी घेऊन भरभर चालते.

काठावर लेक उभी होती. बाळ शालीत गुंडाळलेलं, हातात फोन. बचाव पथकाचा नंबर काढून ठेवलेला. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “आई, तू पाच म्हणाली होतीस.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. चुकलं कुठे, ते शोधायचंच असं ठरवलं. पुढचे काही दिवस बाळ झोपलं की मी हेच वाचत बसायची, आणि शनिवारी बाईला प्रश्न विचारून भंडावून सोडायची.

पहिली चूक म्हणजे मी स्पर्धेचा वेग घेतला. न्यूझीलंडची लिसा कॅरिंग्टन पाचशे मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण दोन मिनिटांच्या आत मारते. म्हणजे ताशी पंधराच्या वर. पण तिची होडी ५.२ मीटर लांब, जेमतेम बारा किलो वजनाची आणि अगदी चिंचोळी. पाणी स्थिर, आणि काम दोन मिनिटांचं. माझी होडी दुप्पट जड. इंग्लंडमध्ये डिव्हाइझेस ते वेस्टमिन्स्टर अशी २०१ किलोमीटरची शर्यत होते, कालव्यातून आणि थेम्स नदीतून. १९७९ साली दोन पुरुषांनी मिळून ती १५ तास ३४ मिनिटांत संपवली. ताशी तेरा पडतात. ते वर्षानुवर्षं कसलेले गडी, आणि तेही नदीत. समुद्रातल्या साध्या कयाकमध्ये नवशिकी बाई तासाला चार ते पाच किलोमीटर जाते. सराव झालेली साडेपाच-सहा. चांगली कसलेली सात. त्याच्यावर फार थोडे जण आणि फार थोडा वेळ.

“मग मी जोर लावला तर?” मी बाईला विचारलं. तर उत्तर असं, की होडी पाणी कापताना स्वतःची लाट तयार करते. वेग वाढला की ती लाट मोठी होते आणि होडी जणू स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते. सोळा-सतरा फुटी होडीला ताशी नऊ-दहाच्या आसपास ही भिंत लागते. लांब होडीला जरा उशिरा लागते, म्हणून शर्यतीच्या होड्या लांब. आणि वेग दुप्पट करायचा तर ताकद दुप्पट नाही, जवळजवळ आठपट लागते. म्हणजे जिवाचं रान केलं तरी हाती फार थोडं येणार.

दुसरी चूक जास्त मोठी. जाताना मिळालेला वेग मी माझा समजले. तो वाऱ्याचा आणि ओहोटीचा होता! हिशेब सोपा आहे. स्थिर पाण्यात तुमचा वेग पाच, आणि पाण्याची ओढ दोन. सोबत असेल तर सात, विरुद्ध असेल तर तीन. सहा किलोमीटर जायला एक्कावन्न मिनिटं, यायला दोन तास. एकूण दोन तास एक्कावन्न मिनिटं. पाणी स्थिर असतं तर दोन तास चोवीस मिनिटंच लागली असती. म्हणजे जाताना उसनं मिळालेलं येताना व्याजासकट फेडावं लागतं. वारा तर पुन्हा वेगळाच. मैत्रिणींनो, कोकणातल्या वाचक हे वाचून हसतील. मतलई वारा कधी सुटतो ते कोळ्यांच्या पोरांनाही ठाऊक असतं.

मग मला फ्रेया हॉफमायस्टर भेटली, म्हणजे वाचनात. जर्मनीतल्या हुजूम गावची आइस्क्रीमचं दुकान चालवणारी ही बाई. २००९ साली, वयाच्या पंचेचाळिशीत तिने एकटीने कयाकमधून ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घातली. सुमारे १३,७९० किलोमीटर, ३३२ दिवस. तिच्याआधी १९८१-८२मध्ये पॉल कॅफिनने हे केलं होतं, त्याला ३६० दिवस लागले होते. मी भागाकार केला. दिवसाला साडेएक्केचाळीस किलोमीटर! वाटेतलं कार्पेंटरियाचं आखात तिने सरळ ओलांडलं. सुमारे ५७५ किलोमीटर, आठ दिवस, झोप होडीतच. रात्रंदिवसाची सरासरी काढली तर ताशी तीन.

ताशी तीन! माझ्या त्या रडक्या संध्याकाळच्या वेगाहून जेमतेम जास्त. फरक एवढाच, की ती दुसऱ्या दिवशीही निघत होती आणि तिसऱ्याही.

आणि ऑस्कर स्पेक? हा जर्मन तरुण १९३२ साली घडीच्या कयाकमधून निघाला आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याने, श्रीलंकेमार्गे, १९३९ साली ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. सुमारे पन्नास हजार किलोमीटर. मधले आजार, मुक्काम धरून दिवसाला वीस किलोमीटरही भरत नाहीत. पण पोचला.

बाईने शेवटी मला चार गोष्टी वहीत लिहून दिल्या. आपला वेग ताशी चारच धरायचा. दर तासाला दहा मिनिटं विश्रांतीची मोजायची. गटाचा वेग म्हणजे सगळ्यांत हळू माणसाचा वेग. आणि काठावरच्या माणसाला सांगायची वेळ आपल्या अंदाजाच्या एक तास पुढची. कारण तुमचा हिशेब चुकला तर तुम्ही नुसत्या दमता. काठावर उभं असलेलं माणूस मात्र घड्याळाकडे बघून मनात काय काय पाहून घेतं!

हे चौथं कलम मला सगळ्यांत लागलं. आयुष्यभर घरात काठावर उभी मीच होते. शाळेची सहल उशिरा आली, यांची गाडी चुकली, की दारात कोण? मीच. उशीर करणारीला काठावरचं दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

परत यायच्या आधी मी आणखी एकदा रँगिटोटोला गेले. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून, सकाळी लवकर. लेकीने विचारलं, “किती वाजता येशील?” मी वही उघडली, वाऱ्याचा अंदाज पाहिला आणि म्हटलं, “दोन वाजता. तीन वाजले तर मात्र फोन कर.”

मी सव्वा वाजताच काठावर! कोणी नव्हतं. होडी वर ओढली, पायीच घरी गेले. लेक आणि बाळ गाढ झोपले होते.

मग चहा मीच टाकला.