पडद्यावरची कच्ची फूट

काळ्या बुबुळाच्या कडेपासून 4 मिलिमीटर. डॉक्टरांनी कॅलिपरने मोजून पांढऱ्यावर बारीक खूण केली. गाऊन-टोपी चढवून मी कोपऱ्यात उभा. आयोडीनने मामांच्या पापण्या तपकिरी झालेल्या, मधे तारेचा चिमटा. "मामा, पायाकडं बघा. हलू नका." सुई आत, 0.05 मिलिलिटर औषध, सुई बाहेर. तयारीला लागला त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाही वेळ लागला नाही.

मामा तासगावचे, साखर जुनी. बेदाणा निवडताना डागी मणी दिसेना, तेव्हा कुठे सांगलीला आले. स्कॅनमध्ये डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध फुगवटा होता आणि त्यात काळ्या पोकळ्या. म्हणजे झिरपून साचलेलं पाणी.

हे झिरपणं घडवणारं मुख्य प्रथिन व्हीईजीएफ. रक्तवाहिन्यांना वाढीचा हुकूम देणारं. गर्भात त्याच्यावाचून चालत नाही: 1996 मध्ये उंदरांत त्याच्या जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत निकामी केली, तरी पिल्लं गर्भातच मेली. मधुमेहात मात्र पडद्याच्या केशवाहिन्या बंद पडत जातात, पेशी प्राणवायूला आसुसतात आणि हाच हुकूम सोडत राहतात. त्यांची मागणी रास्तच असते. पण त्या हुकमाने असलेल्या वाहिन्या पाझरतात आणि पुढे फुटणाऱ्या नव्या इतक्या कच्च्या असतात की डोळ्यात रक्तस्राव होतो.

मामांना एवढं सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजे द्राक्षाच्या जीएसारखंच की. पीपीएम चुकलं की घड वाया." जीए म्हणजे द्राक्षाचे मणी फुगवणारं संजीवक. मला तरी याहून नेमकं सांगता आलं नसतं.

हा हुकूम अडवायची वाट कर्करोगातून आली. गाठीचा रक्तपुरवठा तोडला तर कर्करोग रोखता येईल, असं ज्यूडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं. तेव्हा अनेकांना ते पटलं नाही. 1989 मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी व्हीईजीएफ वेगळं काढलं. त्याला बांधून ठेवणारं बेव्हासिझुमॅब 2004 मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. नेत्रतज्ज्ञांनी त्याच्या 100 मिलिग्रॅमच्या कुपीतून डोळ्यापुरतं सव्वा मिलिग्रॅम घ्यायला सुरुवात केली. डोळ्यासाठी रीतसर मंजुरी नसतानाची ही वाट; पण शेतकऱ्याच्या खिशाला झेपणारा उपचार तिनेच दिला, असं माझं मत. मात्र कुपीतून भाग काढताना जंतू शिरले, तर डोळाच जाऊ शकतो.

शिवाय औषध हुकूम अडवतं, बंद पडलेल्या केशवाहिन्या उघडत नाही. म्हणून सुरुवातीला दर महिन्याला यायचं. पुढची तारीख नेमकी डिपिंगच्या, म्हणजे घड जीएत बुडवायच्या आठवड्यात आली.

"मजूर मिळालं तर येतो," मामा म्हणाले.

"मजूर मी बघू का?" डॉक्टरांनी विचारलं, आणि साखरेचा रिपोर्ट घेऊनच या म्हणाल्या.