तिरोड्यात उतरल्यावर

विदर्भ एक्सप्रेस तिरोड्याला फार वेळ थांबत नाही. मुंबईहून रात्रभर बसून आलेली माणसं सामान घेऊन आधीच दाराशी उभी असतात. नोव्हेंबर सरत आलाय. ऊन चांगलं वर आलंय, तरी फलाटावरचा गारवा हटलेला नाही. डब्यातून आधी चार तरुण उतरतात, खांद्याला रेक्झिनच्या बॅगा, आपसात भोजपुरी. वीज प्रकल्पाच्या कामावर चाललेत. मग नागपूरहून दवाखाना करून परतलेलं म्हातारं जोडपं, एक्स-रेचं पाकीट छातीशी धरलेलं. मग पुण्याचं एक कुटुंब, मातकट हिरवे कपडे, गळ्यात लांब लेन्सचे कॅमेरे. आणि सगळ्यांच्या मागून माझी भाची. न्यू जर्सीत वाढलेली. सोबत तिची अमेरिकन मैत्रीण.

भाची वाकून नमस्कार करते. तिचं पाहून मैत्रीणही वाकते.

“मामा, मला काहीच ओळखू येत नाहीये,” भाची म्हणते.

ती याआधी आली होती २००९ च्या उन्हाळ्यात, बारा वर्षांची असताना. तेव्हा दुपार दुपार लोडशेडिंग असायचं. ओसरीवर पाणी मारून आम्ही पडून राहायचो आणि माझी आई नातीला विंझण्यानं वारा घालत बसायची. तिच्या आठवणीतला तिरोडा एवढाच: विंझणा, आंब्याच्या कोयी आणि अंधार.

स्टेशनबाहेरच्या टपरीवर आलूबोंडे तळले जाताहेत. पुण्याचं कुटुंबही तिथंच थांबलंय. त्यांची जीप मंगेझरी गेटकडे निघायची आहे, दुपारची फेरी गाठायची आहे. गृहस्थ पंचवीस वर्षांपूर्वी नागझिऱ्याला येऊन गेलेत. “तेव्हा हा रस्ता काय होता! दोन्ही बाजूंना नुसती शेतं. आता जिकडं पाहावं तिकडं तारा आणि चिमण्या. वाट लावली या भागाची,” ते हळहळून सांगतात. तेवढ्यात त्यांच्या पत्नी बाजारात स्वच्छतागृह शोधून, न सापडल्यानं परत येतात. “इतक्या वर्षांत एवढीही सोय होऊ नये? किती मागे राहिलंय हे सगळं!” चहाचे पैसे ते मोबाइलनं देतात, टपरीवाल्याच्या डब्यात रक्कम आल्याचा आवाज येतो आणि जीप निघून जाते.

एकाच चहावर दोन निकाल लागले. गाव फार बदललं, आणि गाव काहीच बदललं नाही. दोघंही खरं बोलले. तारा आहेत, आणि स्वच्छतागृह नाही. मला राग येत नाही. वाईट वाटतं ते एवढ्याचं, की दोन्ही निकाल रिक्षा स्टँडच्या अलीकडेच लागले.

नागझिऱ्यानं इथं माणसं फार पूर्वीपासून ओढून आणलीत. १९७० मध्ये अभयारण्य झालं. व्यंकटेश माडगूळकर इथं येऊन राहिले आणि ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहून गेले. मराठी वाचकाला या जंगलाचं नाव ओळखीचं झालं ते बरंचसं त्या पुस्तकामुळे. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच वर्षी इथला ‘जय’ वाघ उमरेड-कऱ्हांडल्याकडे निघून गेला आणि तिथं प्रसिद्धी पावला. २०२३ च्या मेमध्ये ब्रह्मपुरीकडच्या जंगलातून दोन वाघिणी इथं आणून सोडल्या. जंगलाच्या अशा सगळ्या तारखा पाहुण्यांना पाठ असतात. गेटच्या अलीकडच्या गावांत काय चाललंय, ते मात्र त्यांना जीपच्या धुळीतून दिसेल तेवढंच.

आम्ही ऑटोनं गावाकडे निघतो. धान कापून झालंय. बांध्यांमधून कापलेल्या धसांचे ओळीनं खुंट, धुऱ्यांवर पळस, आणि मधूनमधून पुंजणे रचून ठेवलेले. एका बांधीत हार्वेस्टर फिरतोय. शेजारच्याच बांधीत पाच-सहा बाया विळ्यानं कापताहेत. मैत्रीण विचारते, यंत्र आहे तर ह्या का कापताहेत? ऑटोवाला मान न वळवता सांगतो, “हार्वेस्टरनं तनस हाती येत नाही, म्याडम. जनावरं काय खातील?” ती हे वहीत लिहून घेते.

तिच्या कॅमेऱ्याचं एक मला लवकरच लक्षात येतं. धानाचा फोटो काढताना ती दोन पावलं सरकते, कॅमेरा जरा खाली घेते. चिमणी चौकटीत येऊ नये म्हणून. इथं ते सोपं नाही. शेतातून पाहा, तळ्याच्या पाळीवरून पाहा, वीज प्रकल्पाची धुराडी क्षितिजावर उभी असतातच.

वैनगंगेच्या काठावर आम्ही थोडं थांबतो. पात्रात वाळूचे पट्टे उघडे पडलेत, पाणी पलीकडच्या अंगाला. मी नदीचं नाव सांगतो आणि मैत्रीण एकदम उभी राहते. लहानपणी आजोबांनी तिला ‘जंगल बुक’ वाचून दाखवलेलं. मोगली ज्या नदीत डुंबतो ती ही? हीच. वर मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि इथं येते. किपलिंगनं ते पुस्तक अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये बसून लिहिलं, १८९४ मध्ये ते छापून आलं, आणि शिवनीच्या जंगलात तो स्वतः कधी गेलाच नव्हता असं जाणकार सांगतात. ती वाळूत उतरून पाण्यात हात घालते. बराच वेळ तशीच बसते. परत येताना म्हणते, पुस्तकात ही नदी मला काळीशार वाटायची.

दुपारी आम्ही शेजारच्या वहिनींच्या अंगणात. नात्याच्या नाहीत, पण तीस-पस्तीस वर्षं मी त्यांना वहिनी म्हणतो आणि त्या मला भाऊजी. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसल्यात. रात्री भिजवलेला तेंदूपत्ता ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला. पत्र्याचा छोटा साचा पानावर ठेवायचा, कात्री त्याच्या कडेनं फिरवायची, कापलेल्या तुकड्यावर चिमूटभर तंबाखू पसरायचा, दोन्ही अंगठ्यांनी पुंगळी वळायची, तोंड नखानं आत दुमडायचं, दुसऱ्या टोकाला दोऱ्याचे वेढे. हे सगळं होताना त्यांची नजर सुपाकडे नाहीच, ती पाहुणीकडे. पान मे महिन्याच्या उन्हात याच भागातल्या जंगलात तोडलेलं असतं. मजुरी हजारावर मिळते, आणि वाईट निघालेली बिडी छाटीत जाते, तिचे पैसे नाहीत.

मैत्रीण भाचीमार्फत विचारते, फोटो काढू का? वहिनी हसून हो म्हणतात. मागं त्यांचं जुनं घर आहे. मातीच्या भिंती, पांढऱ्या मातीचं सारवण, त्याला गेरूचा पट्टा, वर कवेलू. ऊन तिरपं पडलंय. खरंच देखणं दिसतंय. मैत्रीण खाली बसून कॅमेरा लावते.

“थांब, थांब, बाई.” वहिनी सूप खाली ठेवतात. “तिथं नोको काढू. ते पडकं होय. इकडं ये.”

त्या उठतात. पदरानं तोंड पुसतात, आतून प्लास्टिकची लाल खुर्ची आणतात आणि अंगणाच्या दुसऱ्या अंगाला, घरकुलाच्या भिंतीपुढे ठेवतात. दोन खोल्या, सिमेंटचा स्लॅब, दर्शनी भिंतीला पोपटी रंग, दारावर योजनेचं नाव रंगवलेलं. रंगाला अजून वास आहे. त्या खुर्चीवर ताठ बसतात, दोन्ही हात गुडघ्यांवर. आणि त्यांच्या डोक्यावरून, स्लॅबच्या मागं, चिमणी उभी आहे. मैत्रीण सवयीनं एक पाऊल बाजूला सरकते. मग थांबते. परत जागेवर येते. फोटो काढते.

मग वहिनी बोलू लागतात. गेल्या उन्हाळ्यात त्या दीड महिना चाकणला पोराकडे राहून आल्या. “पोराले महिन्याच्या महिन्याले पगार. दवाखाना जवळ. रस्ते त लय मोठे. पन प्याचं पानी इकत घ्या लागते. अन् दुकानात तांदूर पाह्यला त साठ रुपये किलो. म्या म्हटलं, बाप्पा, हा त आपल्याच कडचा होय!”

“मग तुम्हाला पुणं आवडलं की नाही?” भाची विचारते.

“आवडलं बी, नाही बी. दोन्ही होते ना, बाई.”

मी भाचीला हिशेब सांगतो, कारण हा हिशेब पाहुण्यांना कुणी सांगत नाही. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये आहे. सरकारी हिशेबानं एक क्विंटल धान भरडलं की ६७ किलो तांदूळ निघतो. म्हणजे त्या तांदळात शेतकऱ्याच्या हाती पडतात किलोला पस्तीस रुपये. त्यातूनच पऱ्हे, रोवणीची मजुरी, खत, कापणी, चुरणी. तीही रक्कम चुकारे वेळेवर झाले तर. पोरगा चाकणला का गेला, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

संध्याकाळी गारठा वाढतो. वहिनींचे दीर हातात बॅटरी आणि काठी घेऊन निघालेत. हरभऱ्याला पाणी द्यायचंय आणि या आठवड्यात शेतीपंपाला वीज रात्रीची आहे. “अस्वल येते ना इकडं,” ते सहज सांगतात, आणि अंधारात उतरतात. दूर प्रकल्पाचे दिवे लुकलुकताहेत. ती वीज तिथंच तयार होते ना, मैत्रीण विचारते. हो. अदानी पॉवरचा प्रकल्प, ६६० मेगावॉटचे पाच संच, मिळून ३३०० मेगावॉट. पहिला संच २०१२ मध्ये सुरू झाला. कोळसा रेल्वेनं येतो, वीज ७६५ केव्हीच्या तारांवरून राज्याच्या पश्चिमेकडे जाते. भाची ऐकते आणि म्हणते, “पण मामा, आजीच्या वेळचा तो विंझणा तर आता लागत नाही ना?”

नाही लागत. तेही खरंच आहे. आज आमच्या ओसरीवर पंखा आहे, वहिनींच्या नातीच्या अभ्यासाला दिवा आहे. पंप मात्र रात्रीचा आहे. हे दोन्ही मी तिला एकाच वेळी सांगतो, कारण यातलं एक गाळून दुसरं सांगणं मला जमत नाही.

जेवण झाल्यावर वहिनी पुन्हा येतात, मोबाइल घेऊन. तो फोटो हवाय. मैत्रीण पाठवते. वहिनी तिथंच उभ्या राहून तो चाकणला पाठवतात आणि उत्तर येईपर्यंत हलत नाहीत. पाच मिनिटांनी उत्तर येतं. त्यांना वाचता येत नाही, भाची अडखळत वाचून दाखवते. “माय, रंग मस्त दिसते घराचा. चिमणी पन दिसली. बरं वाटलं.”

वहिनी मोबाइल कमरेला खोचतात आणि घरी जातात. उद्याचे हजार अजून व्हायचे आहेत.

नागझिऱ्याला येणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तिरोड्याला उतरलात की जंगलाच्या फेरीआधी किंवा नंतर एक दिवस गावांसाठी ठेवा. दिवाळीनंतर महिना-दीड महिना धानाची कापणी आणि चुरणी चालते, अंगणात माणसं भेटतात, बसायला खाट टाकतात. कुणाचा फोटो काढायचा असेल तर तो कुठं काढू, हे आधी त्यांनाच विचारा.