गव्हाणीपुढच्या तीन भेटी

‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्याच्या मुळाशी जन्म सांगणारा लॅटिन शब्द आहे, आणि तो शब्द व आपल्या संस्कृतातील ‘जन्’ हा धातू एकाच कुळातले आहेत. शब्दाच्या नात्याने पाहिले, तर नाताळ ही आपल्या जन्माष्टमीची चुलत बहीण ठरते. बालकाच्या जन्माचा सण म्हटला की घरातील बालकांचे कौतुक व्हावे, त्यांच्या हाती चार वस्तू पडाव्यात, हे ओघानेच आले. मात्र त्या वस्तू किती असाव्यात आणि त्या कोणाच्या नावाने द्याव्यात, हा प्रश्न अनेक ख्रिस्ती घरांत अलीकडे मोठा जड होऊन बसला आहे.

कीर्तनकाराने ह्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. पण अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, परिसरात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा जुनी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पण कीर्तन आणि अभंग त्यांनी सोडले नाहीत. आमचे आणि त्या मंडळींचे टाळ वेगळे नाहीत. त्या भागातील एक ख्रिस्ती शिक्षक काही वर्षे माझ्याकडे संस्कृत शिकावयास येत. त्यांच्या घरी घडलेली गोष्ट त्यांच्याच अनुमतीने, नावगाव वगळून, येथे सांगतो.

दोघे भाऊ. थोरले पुण्यास मोठ्या पगारावर, धाकटे हे शिक्षक, विनाअनुदानित शाळेत. नाताळास सारे गावी आईकडे जमत. करंज्या, शंकरपाळ्या, अनारसे एका कढईत तळले जात आणि त्यांची ताटे शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांत जात. येथवर सारे एक. परंतु २५ डिसेंबरच्या सकाळी मुलांच्या उशाशी ‘नाताळबाबा’ने ठेवलेल्या वस्तू मात्र एक नसत. थोरल्यांच्या मुलास सायकल, विजेवर धावणारी मोटार आणि आणखी पाचसहा खोकी. धाकट्यांच्या मुलीस एक झगा व रंगांची पेटी. तीन वर्षांपूर्वी त्या सात वर्षांच्या मुलीने पेटी खाटेखाली सरकवली आणि आजीला विचारले, “आजी, दादा वर्षभर माझ्यापेक्षा चांगला वागला का गं?”

आजीजवळ उत्तर नव्हते. नाताळबाबा चांगल्या मुलांना देतो, असे मोठ्यांनीच तिला सांगितले होते. मुलीने त्यावरून सरळ हिशेब मांडला. बापाच्या पगारातील अंतर तिने आपल्या स्वभावातील खोट म्हणून स्वीकारले. वस्तू कमी पडल्याचे दुःख मुले चार दिवसांत विसरतात. हे दुःख त्या जातीचे नाही.

ह्या नाताळबाबाचे मूळ पाहू गेले तर तेथे असा हिशेब आढळत नाही. चौथ्या शतकात आशिया मायनरमधील मायरा नगरीत निकोलस नावाचे बिशप होते. त्यांच्याविषयीची प्रसिद्ध आख्यायिका अशी की, एका निर्धन पित्याच्या तीन मुलींची लग्ने हुंड्यावाचून अडली होती आणि त्यांच्यावर विकले जाण्याची पाळी आली होती. निकोलसांनी रात्रीच्या अंधारात त्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या आणि आपले नाव कळू दिले नाही. संकट पाहिले आणि दिले, एवढेच. वर्तनाची वही ठेवणारा लठ्ठ, लाल डगल्याचा म्हातारा हा पुष्कळ अलीकडचा, एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत आकाराला आला.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीवर डोळा ठेवून दिलेले दान तेथे राजस ठरले आहे. चांगल्या वागणुकीच्या बदल्यात दिलेले खेळणे ही भेट नव्हे, ती मजुरी होय. ख्रिस्ती धर्मशास्त्राची तर सारी उभारणीच ‘कृपा’ ह्या शब्दावर आहे, आणि कृपा म्हणजे जी कमावता येत नाही अशी देणगी. मग ज्या घरात रविवारी कृपेचे प्रवचन ऐकावयाचे, त्याच घरात नाताळच्या सकाळी मुलांना मजुरी वाटावयाची, हे कसे जुळावे? शिक्षकमहाशयांपुढे मी हे मांडले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. नंतर म्हणाले, “गुरुजी, हे मी दादाला कसे सांगू? त्याला वाटेल, मला त्याच्या पैशाचा मत्सर आहे.”

अखेर सांगितले ते आजीने. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडील ज्ञानी लोक बाळ येशूपुढे सोने, ऊद आणि गंधरस ठेवतात. ते ज्ञानी किती होते हे मत्तय सांगत नाही. भेटी तीन, म्हणून लोकांनी माणसेही तीन मानली. आजीने फर्मावले : प्रभूला तीन पुरल्या, माझ्या नातवंडांना चौथी कशाला? दोन्ही मुलांना तीनच भेटी, सारख्या मोलाच्या, आणि प्रत्येक भेट देणाऱ्याने आपल्या तोंडाने ‘ही माझ्याकडून’ म्हणून हातात द्यावयाची. एक अंगावर घालण्याची वा नित्य वापराची, एक पुस्तक, आणि एक घरातल्या कोणीतरी स्वतःच्या हाताने केलेली. सोने, ऊद, गंधरस ह्यांच्याशी ह्या तिन्हींचा मेळ घालण्याचा शिक्षकांचा प्रयत्न मला थोडा ओढाताणीचा वाटला. गंधरस म्हणजे बोळ. तो तर आपल्या बाळंतिणीच्या औषधांतला, तेव्हा आजीच्या दृष्टीने ती भेट प्रथम मरियेच्या उपयोगाची! असो. मर्यादा महत्त्वाची.

थोरल्या भावास हे रुचले नाही. मी कमावतो कोणासाठी, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदीच गैरवाजवी म्हणता येत नाही. बापाला द्यावेसे वाटणे हा काही अपराध नव्हे. पहिल्या वर्षी त्यांचा मुलगा दिवसभर रुसून बसला. धाकट्या भावासही आपल्या हातच्या लाकडी बैलगाडीची लाज वाटत होती. त्यांना मी लूकाच्या शुभवर्तमानातील तो प्रसंग दाखवला, ज्यात बाळाला मंदिरात नेल्यावर मरिया व योसेफ पक्ष्यांच्या जोडीचे अर्पण करतात. नियमशास्त्राप्रमाणे कोकरू द्यावयाचे. ज्याला ते परवडत नसेल त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिले द्यावीत, अशी सवलत होती. ह्या मातापित्यांनी गरिबांची सवलत घेतली, आणि शुभवर्तमानकाराने ती झाकून ठेवली नाही.

दुसऱ्या वर्षी रुसलेला तो मुलगा आपल्या काकांजवळ बसून बांबूच्या कामट्या व ताव घेऊन नाताळचा तारा बांधावयास शिकला. कामटीने बोट कापले, दोन ताव फाटले. तो तारा बहिणीसाठी होता. पुण्याला परतताना मात्र तो त्याने बरोबर नेला म्हणतात. मुलांचे दान असेच असावयाचे.

आजीने आणखी एक केले. तिन्ही भेटी एकाच सकाळी देऊन टाकण्याची घाई तिने मोडली. ज्ञानी लोकांच्या आगमनाचा सण ६ जानेवारीला येतो; तिसरी भेट त्या दिवसापर्यंत राखून ठेवायची. पुण्याची मंडळी तोवर परत गेलेली असतात, म्हणून थोरले त्या दिवशी आता रजा काढून येतात. गव्हाणीच्या देखाव्यातील मातीचे तीन ज्ञानी २५ तारखेला गव्हाणीपाशी नसतात. ते उंटांसह खिडकीच्या फळीवर, दूर पूर्वेच्या बाजूला असतात, आणि रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एकेक वीत पुढे सरकतात. ते सरकवण्याचे काम त्या मुलीकडे आहे. दादा गावी असेल तेव्हा एक उंट त्याचा.