कागदावर न मावणारा निवडुंग

सप्टेंबर १९१८. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ नेल्सन रोज इक्वेडोरमधल्या क्वेंका शहरात निवडुंग गोळा करत होते. सोबत अंबातोचे प्राध्यापक आबेलार्दो पाचानो. तिथल्या एका उंच, खांबासारख्या निवडुंगाचा नमुना वॉशिंग्टनला पोचला आणि १९२० साली वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रिटन व रोज यांच्या ‘द कॅक्टेसी’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात त्याचे बारसे झाले: ‘ट्रायकोसेरियस पाचानोई’. पेरूतले लोक त्याला ‘सान पेद्रो’ म्हणतात.

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. गवताची काडी किंवा झुडपाची फांदी टिपकागदात दाबायची, वाळली की जाड कागदावर चिकटवायची, काम संपले. पण तीन ते सहा मीटर उंच वाढणारा, पाण्याने टम्म भरलेला सान पेद्रो त्या हातभर कागदावर बसवायचा कसा?

तर त्याला सोलावे लागते. खोडाची एक आडवी चकती घेतात, म्हणजे उभे कंगोरे मोजता येतात. सान पेद्रोला ते साधारण सहा ते आठ असतात. मग काट्यांच्या गाद्यांसकट सालीची उभी पट्टी काढून आतला गर खरवडतात. गर राहिला तर बुरशी धरते. शिवाय निवडुंग सहजासहजी मरत नाही, दाबून ठेवलेला तुकडा आठवडेच्या आठवडे तग धरतो. म्हणून काही जण आधी त्यावर उकळते पाणी किंवा अल्कोहोल ओततात. वीतभर लांबीचे पांढरे, रात्री उमलणारे सुवासिक फूल उभे चिरून दाबले की तपकिरी होऊन बसते.

एवढ्या खटाटोपामुळे बरेच संग्राहक निवडुंगाच्या वाटेलाच जात नाहीत. त्यामुळे या कुळाच्या नोंदी तुटपुंज्या आहेत.

उंची, फांद्या, रंग, गंध हे सगळे कागदावर हरवते आणि नमुन्याची खरी किंमत चिठ्ठीत उरते: ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, संग्राहकाचे नाव, क्रमांक. सान पेद्रोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हवीच, झाड रानातले की लावलेले? याचा तुकडा मातीत खोचला की मूळ धरतो. कुंपणासाठी, औषधासाठी, विधींसाठी अँडीजमधली माणसे तो पिढ्यान्‌पिढ्या इकडून तिकडे नेत आली आहेत. पेरूतल्या चाविन दे वांतार इथल्या प्राचीन कोरीव दगडावर एक आकृती हातात असाच निवडुंग धरून उभी आहे. त्यामुळे ‘रानातले’ हा शब्द चिठ्ठीवर नसेल, तर नकाशावरचा ठिपका झाडाचे मूळ घर दाखवतो की कुणाचे परसदार, हे सांगता येत नाही.

नावेही बदलतात. १९७४ साली ही प्रजाती ‘एकिनोप्सिस’ या गटात गेली. काही अभ्यासक अजून जुनेच नाव वापरतात. हर्बेरियममध्ये मात्र जुनी चिठ्ठी फाडत नाहीत, शेजारी नवी डकवतात. ही पद्धत फार शहाणपणाची आहे.

दुर्मीळ निवडुंगांच्या नोंदींत मात्र नेमके ठिकाण अनेकदा मुद्दाम लपवले जाते, आणि ते योग्यच आहे, कारण अशा निवडुंगांची चोरी होते. २०२० साली इटलीत पोलिसांनी चिलीतून चोरलेले हजाराहून अधिक निवडुंग पकडले. त्यांत बहुतेक ‘कोपियापोआ’ या गटातले होते. पुढच्या वर्षी त्यांतले आठशेवर मायदेशी परत पाठवले गेले.

जगभरच्या हर्बेरियममधल्या लाखो नोंदी जीबीआयएफ या जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात. तिथे गेलात तर नुसत्या नकाशावर थांबू नका. कागदाचा फोटो असेल तर तो उघडा आणि चिठ्ठी वाचा.